ज्युनिअर्सना ऑनलाइन शिकवताना मी एक चूक शिकवली

अर्धा_डॉक्टर · सोमवार, रात्री 10:40

धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही सहा जण गेलं वर्षभर आमच्यापेक्षा दोन वर्षं मागे असलेल्या मुलांना दर गुरुवारी रात्री ऑनलाइन शिकवतोय. कॉलेजने सांगितलेलं नाही, हजेरी नाही, सर्टिफिकेट नाही. एका ज्युनिअरने विचारलं होतं, "दादा, ईसीजीचा अ‍ॅक्सिस पाच मिनिटांत सांगशील का?" अ‍ॅक्सिस म्हणजे हृदयातल्या विजेची एकूण दिशा. तिचं घोडं अडलं होतं ते भलत्याच ठिकाणी. ठोका एकच, मग तो एका लीडमध्ये (एका बाजूने घेतलेल्या नोंदीत) वर आणि दुसऱ्या लीडमध्ये खाली कसा दिसतो? पुस्तक हे सांगायच्या भानगडीत पडत नाही, एकदम अंशांवर उडी मारतं. मी म्हटलं, एक माणूस चालतोय आणि सहा जण सहा बाजूंनी त्याचा फोटो काढतायत. ज्याच्याकडे तो येतोय त्याला चेहरा दिसणार, ज्याच्यापासून लांब जातोय त्याला पाठ. ती "ओऽह" म्हणाली. पुढच्या गुरुवारी तिने तेवीस जण आणले.

आता चुकीकडे येतो.

विषय होता एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताचा रिपोर्ट. जुन्या प्रश्नसंचातली डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसची (मधुमेहात रक्तात आम्ल साठतं त्याची) केस घेतली होती. पीएच 7.09, बायकार्बोनेट 10, पीसीओटू (म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड) 34, सोडियम 138, क्लोराइड 104. अ‍ॅनायन गॅप काढला (ही तफावत वाढली म्हणजे रक्तात जादा आम्ल), 138 मधून 104 आणि 10 गेले, उरले 24. चांगलाच वाढलेला. इथपर्यंत ठीक. मग मी छातीठोकपणे म्हणालो, "पीसीओटू नॉर्मल 40 असतो, इथे 34 आहे, म्हणजे फुप्फुसं भरपाई करतायत. निव्वळ मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस, विषय संपला." म्हणजे आम्ल वाढलंय, श्वासाचा काही दोष नाही. चॅटमध्ये अंगठे आले. मी पुढची स्लाइड घेतली.

ज्यांना चूक दिसली नसेल त्यांच्यासाठी: रक्तात आम्ल वाढलं की शरीर जोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, हीच भरपाई. ती पुरेशी आहे का हे बघायला विंटर्सचं सूत्र म्हणून एक प्रकार आहे, 1967 चा. बायकार्बोनेटला दीडने गुणायचं, त्यात 8 मिळवायचे, आणि पीसीओटू त्याच्या दोन इकडे-तिकडे असायला हवा. इथे 23 यायला हवा होता, फार तर 25. 34 याचा अर्थ पेशंटने जितका जोर लावून श्वास घ्यायला हवा तितका तो घेत नाहीये. थकलाय, नाहीतर गुंगीत चाललाय, नाहीतर छातीत आणखी काहीतरी आहे. ज्या आकड्याला मी "भरपाई होतेय" म्हणालो, तो आकडा "आयसीयूला फोन करा" म्हणून ओरडत होता.

हे कळायला अकरा दिवस लागले. एका ज्युनिअर मुलीने वॉर्डात केस मांडताना माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि रेसिडेंटने (वॉर्डातल्या पदव्युत्तर डॉक्टरने) तिला सगळ्यांसमोर झापलं. तिने माझं नाव घेतलं नाही. रात्री मेसेज आला, "दादा, विंटर्स एकदा बघ ना." बस, एवढाच. तोवर माझ्या स्लाइडवरून कुणीतरी अँकीची (पाठांतराच्या अ‍ॅपची) कार्डं बनवली होती आणि ती मागच्या बॅचच्या ग्रुपवरही पोचली होती.

तरी बंद करावंसं वाटत नाहीये. म्हणून इथे विचारतोय. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना असं ऑनलाइन शिकवावं का? आणि शिकवायचं तर गाळणी नेमकी कुठे बसवायची?

---

शंकासूर · सोमवार, रात्री 11:05

प्रामाणिकपणाबद्दल +१.

अवांतर पण महत्त्वाचं: विंटर्स लावताना वेळही बघा. फुप्फुसांची भरपाई लगेच सुरू होते, पण पुरती व्हायला साधारण 12 ते 24 तास लागतात. अ‍ॅसिडोसिस तासाभरापूर्वीच सुरू झाला असेल तर पीसीओटू अपेक्षेपेक्षा जास्त दिसू शकतो आणि पेशंट थकलेला नसतोही. तुमच्या केसमध्ये लक्षणं किती वेळाची होती?

---

अर्धा_डॉक्टर · सोमवार, रात्री 11:12

दोन दिवस उलट्या. म्हणजे भरपाईला वेळ मिळाला होता, 34 ला सबब नाही.

पण हा वेळेचा मुद्दा मला आत्ता, या क्षणी कळला. दुरुस्ती म्हणून मी जी स्लाइड पाठवली तीही अर्धवटच निघाली म्हणायची. कपाळावर हात.

---

तिसरा_बाक · सोमवार, रात्री 11:30

मी घेणाऱ्यांच्या बाजूने बोलतो, कारण देणारे नेहमी खुशीत असतात.

आमच्याकडेही असे वर्ग चालतात. अर्धे सिनिअर शिकवायला येत नाहीत, येतं हे दाखवायला येतात. मागच्या महिन्यात एकाने हार्ट फेल्युअरवर 84 स्लाइड पन्नास मिनिटांत वाचून दाखवल्या. स्क्रीनवर पुस्तकाचं पान, त्यावर पिवळा हायलाइटर, आणि मागे त्याचा आवाज. शेवटी "काही डाऊट?" अडीच सेकंद शांतता. "ओके, सगळ्यांना कळलेलं दिसतंय."

हेच प्राध्यापकांनी केलं की आपण त्यांच्या नावाने खडे फोडतो. सिनिअरने केलं की समाजसेवा.

आणि लेक्चर रेकॉर्ड होणार हे माहीत असलं की निम्मे लोक येतच नाहीत, दुप्पट वेगाने बघू म्हणतात. बघत कुणीच नाही.

---

शरीरक्रिया · मंगळवार, सकाळी 7:15

मी फिजिऑलॉजी शिकवते, वीसेक वर्षं झाली. धागा वाचून आधी रागच आला. मग चहूबाजूंनी विचार केला, म्हणून उशिरा लिहितेय.

राग चुकीबद्दल नव्हता. चुका मीही करते. एकदा फळ्यावर ऑक्सिजन-हिमोग्लोबिनची वक्ररेषा उलट्या दिशेला सरकवली होती आणि शंभर मुलांनी ती निमूटपणे उतरवून घेतली. राग आला तो "विषय संपला" याचा. सिनिअर विद्यार्थी शिकवतो तेव्हा त्याला परीक्षेत कामी आलेलं वाक्य तो पुढे देतो. ते आखूड असतं, पक्कं असतं, लगेच पाठ होतं. आणि पीसीओटू 40 पेक्षा कमी म्हणजे भरपाई, हे अशाच वाक्यांपैकी एक. त्यात "किती कमी?" हा प्रश्नच उरत नाही. तो विद्यार्थ्याच्या तोंडून यावा यासाठी मी दोन तास खर्च करते आणि तुम्ही तो दोन सेकंदांत मारता.

आता दुसरी बाजू. श्मिट आणि मूस्ट या दोघांनी 1995 मध्ये गटशिक्षणातला चांगला शिक्षक कशाने बनतो यावर लिहिलं होतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तचं काम. विषयाचं ज्ञान लागतंच, पण विद्यार्थ्याच्या भाषेत उतरता येणं आणि त्याच्याशी माणूस म्हणून मोकळं असणं यावाचून ते ज्ञान पोचत नाही, असा त्याचा आशय. तुमचं फोटो काढणाऱ्यांचं उदाहरण वाचून मला तेच आठवलं. मला ते कधीच सुचलं नसतं. ईसीजी न कळणं कसं असतं हे मी विसरलेय. तुम्ही अजून विसरला नाहीत, आणि ही तुमची एकमेव खरी मालमत्ता आहे. ती 84 स्लाइडमध्ये घालवू नका.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्ग चालू ठेवा, पण एक प्राध्यापक हजर हवा.

---

रात्रपाळी · मंगळवार, पहाटेच्या ड्युटीनंतर

मी त्या झापणाऱ्या जमातीतली. मेडिसिनची रेसिडेंट. (ती मी नव्हेच, शपथ.)

दोन गोष्टी. पहिली, शिकवणाऱ्याला काय मिळतं यावर धाग्यात अजून कुणी बोललंच नाहीये. मी विद्यार्थी असताना अशाच एका गटाला थायरॉइड शिकवलं होतं. आदल्या रात्री स्लाइड बनवताना लक्षात आलं की टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्यूटरीचं हार्मोन) कमी आणि टीफोरही (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) कमी असेल तर पुढे काय, हे मला येत नाही. तीन परीक्षा पास झाले होते त्या विषयात! पेपरमध्ये तो प्रश्न आला नव्हता, म्हणून येत नाही हेही माहीत नव्हतं. पिट्यूटरीचं प्रकरण त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं. आज पेशंटसमोर ते आठवतं तेव्हा पुस्तक नाही डोळ्यांपुढे येत, माझीच वेडीवाकडी स्लाइड येते.

दुसरी, ऑनलाइनवर काय शिकवायचं हे नीट निवडा. 2020 च्या मार्चमध्ये सगळीकडे विद्यार्थ्यांचं वॉर्डात येणं थांबलं. अमेरिकेत तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने 17 मार्चलाच पेशंटशी थेट संपर्काचं शिक्षण थांबवायची शिफारस केली. तेव्हा आम्ही पोरापोरांनी सगळंच स्क्रीनवर शिकवायचा घाट घातला. हिस्टरी घेणं छान जमलं. एबीजी, ईसीजी, एक्स-रे वाचणं तर समोरासमोरपेक्षाही बरं जमलं, कारण प्रत्येकाच्या नाकासमोर स्वतःची प्रत. पण पर्कशन (अंगावर बोटाने वाजवून आवाज ओळखणं)? एकाने कॅमेऱ्यासमोर टेबल वाजवून दाखवलं. प्लीहा हाताला कशी लागते, पेशंटला 45 अंशांत टेकवून मानेतली शीर कशी शोधायची, हे बोटांना आणि डोळ्यांना पेशंटच्या शेजारी उभं राहूनच कळतं. मिलरने 1990 मध्ये चार पायऱ्या सांगितल्या होत्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात करतो. स्क्रीन दुसऱ्या पायरीपर्यंत दमदार नेते, तिसरीवर धापा टाकते. तिसऱ्या पायरीसाठीच तर हार्डनने 1975 मध्ये ओस्की ही परीक्षा आणली, की बाबा लिहू नकोस, करून दाखव.

आम्हाला एक मात्र सापडलं होतं ते देते. ब्रेकआउट रूममध्ये तिघं. एक पेशंट, एक डॉक्टर, एक नुसता बघणारा. पेशंटला आधी खासगी मेसेजवर एक गोष्ट द्यायची जी तो आपणहून सांगणार नाही, नेमकं विचारलं तरच सांगेल. आठ मिनिटं. मग बघणाऱ्याने काय सुटलं ते सांगायचं. एकदा मी पेशंट होते, छातीत दुखतंय, आणि लपवलेली गोष्ट होती की मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. चार डॉक्टर बदलले. तीन जणांनी विचारलंच नाही. चौथ्याने विचारलं, "रोजचं काही औषध?" मी म्हटलं, "नाही." तो पुढे गेला. लोक गोळीला औषध म्हणत नाहीत हे त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं. फुप्फुसातली गुठळी, जिचा धोका या गोळ्यांनी वाढतो, ती "गोळी" आणि "औषध" या दोन शब्दांच्या फटीतून निसटली होती.

---

शंकासूर · मंगळवार, सकाळी 9:20

रात्रपाळी, वाचनखूण साठवली.

---

खडूफळा · मंगळवार, दुपारी 1:02

मी डॉक्टर नाही, शाळामास्तर. पण विषय आमच्याच घरचा आहे म्हणून नाक खुपसतो.

मुलांनी मुलांना शिकवणं हे ऑनलाइनवाल्यांनी शोधलेलं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासमध्ये अँड्र्यू बेल नावाचा पाद्री एका अनाथाश्रमाची शाळा चालवत होता. स्थानिक मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि आपल्या शाळेत तेच सुरू करायचं ठरवलं. शिक्षक ऐकेनात, तेव्हा त्याने मोठ्या मुलाला लहानांवर बसवलं. 1797 मध्ये इंग्लंडमध्ये त्याने त्यावर छोटं पुस्तक छापलं आणि पद्धत जगभर पसरली. पुढे बदनामही झाली, कारण मोठी मुलं जेवढं पाठ तेवढंच पाठ करून घ्यायची. शरीरक्रिया मॅडमचा "आखूड आणि पक्कं वाक्य" हा आक्षेप सव्वादोनशे वर्षं जुना आहे म्हणायचा.

उपाय हवा असेल तर हार्वर्डच्या एरिक माझूरचा बघा. तो भौतिकशास्त्राचा, 1991 पासून करतोय. अवघड प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, आणि पुन्हा मत द्यायचं. शिक्षक मधल्या वेळात गप्प. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तर वादाला रंग चढतो. त्याहून कमी असतील तर प्रश्न पुन्हा समजावायचा, जास्त असतील तर पुढे जायचं. तुमच्या वर्गात "पीसीओटू 34: पुरेशी भरपाई, अपुरी, की जास्त?" असा पोल टाकला असता तर तेवीसमध्ये एक तरी "अपुरी" म्हणाला असता. मग पुढचं त्यानेच केलं असतं.

---

म्यूटवर · मंगळवार, रात्री 11:48

इथे पहिल्यांदाच लिहितेय. गेली दीड वर्षं नुसती वाचनमात्र.

ती "एक तरी" मी आहे. म्हणजे अर्धा_डॉक्टरांच्या वर्गातली नाही, पण प्रत्येक वर्गात एक असते ती. मला बऱ्याचदा चूक दिसते. मी बोलत नाही. का ते सांगायचा प्रयत्न करते, कारण सगळे शिकवणारेच बोलतायत.

कर्सर अनम्यूटच्या बटणावर असतो. प्रश्न मनात जुळवते. तो मूर्खासारखा वाटेल का, हे तपासते. मग शब्द बदलते, "सर" म्हणू की "दादा" म्हणू ते ठरवते. एवढ्यात स्लाइड बदलते. आता मागे जायला सांगायचं म्हणजे वर्ग थांबवणं, म्हणजे साठ लोकांचा वेळ. कर्सर खाली घेते. नंतर गुगल करू म्हणते. करत नाही.

आणि वर कोपऱ्यात तो लाल ठिपका. रेकॉर्डिंग. माझा बावळट प्रश्न माझ्या आवाजात कायमचा कुठेतरी ठेवला जाणार, आणि तिसरा_बाक म्हणतो तसं कुणी बघत नसेलही, पण मला तसं वाटत नाही ना.

आमच्या एका ताईने एकदा रेकॉर्डिंग लावायला विसरून वर्ग घेतला. त्या दिवशी मी तीन प्रश्न विचारले. तिला वाटलं विषय सोपा होता.

---

तिसरा_बाक · बुधवार, सकाळी 8:10

@म्यूटवर, तो कर्सरचा परिच्छेद मलाही लागू आहे. मी फक्त आवाज चढवून लपवतो.

---

जुना_स्टेथो · बुधवार, सकाळी 10:35

प्रॅक्टिसमधून निवृत्त आहे. आमच्या काळी हे सगळं होस्टेलच्या खोलीत चाले. एक हाडांचा सेट, चार पोरं, आणि पहाटे तीनला फेमर (मांडीचं हाड) हातात धरून "ही बाजू पुढची की मागची" यावर हमरीतुमरी. सिनिअर चुकीचंही सांगत. पण ती चूक त्या खोलीत जन्मायची आणि बहुतेक वेळा व्हायवाला मरायची. तुमची चूक पीडीएफ होते, कार्ड होते, आणि जिला तुम्ही कधी भेटणारही नाही अशा मुलीपर्यंत जाते. फरक इतकाच, पण तो लहान नाही.

आणि एक, ज्यावर कुणी बोललं नाही. पेशंट. माझ्या भाचीच्या अशाच एका वर्गात कुणीतरी "इंटरेस्टिंग केस" म्हणून ईसीजीचा फोटो टाकला. वरच्या पट्टीत नाव, वय, रजिस्ट्रेशन नंबर, तारीख, सगळं. शिकवणाऱ्याने क्रॉप केलं होतं म्हणे, पण मूळ फोटो ग्रुपवर आधीच गेलेला. त्यात पेशंटच्या गल्लीत राहणारा एक जण होता. पुढचं लिहीत नाही. नाव झाकलं म्हणजे झालं असं नाही, दुर्मिळ आजार, तारीख आणि वॉर्ड एवढ्यावरही माणूस ओळखू येतो. पोरांनो, केस बनवा. खरी वापरू नका. बनवलेल्या केसला आकडे तुमच्या मर्जीने देता येतात हा वरचा फायदा.

---

अर्धा_डॉक्टर · बुधवार, रात्री 9:50

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. जुना_स्टेथो काका, आमच्या ड्राइव्हमध्ये असे दोन एक्स-रे होते. आज काढले.

रात्रपाळी ताई, तुमचं तिघांचं सूत्र कालच करून पाहिलं, तातडीचा वर्ग लावून. विषय पुन्हा एबीजी, तेच आकडे. यावेळी मी शिकवलं नाही. आधी पोल टाकला, निनावी. निकाल बघून गार पडलो. माझी दुरुस्ती ग्रुपवर जाऊन आठवडा झाला होता, तरी निम्म्याहून जास्त जण "पुरेशी भरपाई" वरच होते. दुरुस्तीचा मेसेज सगळ्यांनी पाहिला होता, निळ्या टिका होत्या. पाहणं आणि मनातलं जुनं उपटणं यात केवढं अंतर आहे.

मग तिघातिघांना आत पाठवलं. सहा मिनिटांनी परत आले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "दादा, 34 कमी आहे, पण 7.09 ला 34 म्हणजे तो श्वास घ्यायला विसरलाय." हे वाक्य माझ्या स्लाइडपेक्षा चांगलं आहे. दुसऱ्या पोलमध्ये चार सोडून सगळे बरोबर.

शरीरक्रिया मॅडम, तुमच्या एका मुद्द्यावर मात्र अडतोय. प्राध्यापक हजर असले तर म्यूटवर सारख्या मुली बोलणारच नाहीत. खरं सांगायचं तर मीही बोलणार नाही.

---

शरीरक्रिया · गुरुवार, सकाळी 6:50

हे वाचून थोडं लागलं. पण माझ्याच वर्गात "काही शंका?" नंतरची ती अडीच सेकंदं मी काल मोजली. चार होती, पण शांतताच होती. तेव्हा मान्य.

पण गाळणी नकोच, असं मात्र मान्य नाही. ती वर्गाच्या आत नको, दोन्ही टोकांना ठेवा. आदल्या दिवशी स्लाइड माझ्यासारख्या कुणाकडे तरी पाठवा. आम्ही नटवत बसणार नाही, फक्त चूक आणि धोका बघू. तुमच्या एबीजीला मला एक मिनिट पुरलं असतं. आणि वर्ग झाल्यावर, जे प्रश्न तुम्हाला सुटले नाहीत ते पाठवा. जे सुटले त्यांत मला रस नाही. जिथे शिकवणाऱ्याने "मला माहीत नाही" म्हटलं, तीच यादी सोन्याची. त्यावरून मला माझं पुढचं लेक्चर कळेल.

अजून एक मागणी. वर्गाची पहिली पाच मिनिटं मागच्या आठवड्याचं पुस्तक बंद करून आठवायला द्या. रोडिगर आणि कार्पिकी यांचा 2006 चा प्रयोग आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने पारडं फिरलं आणि न बघता आठवायचा सराव केलेले पुढे गेले. तुमची मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री पहिल्या गटात असतात आणि वॉर्डात दुसऱ्या गटात असावीत अशी आपली अपेक्षा. अँकीवर ती तेच करतात म्हणा, पण कार्डच चुकीचं असेल तर चूकही तितकीच पक्की बसते.

---

शंकासूर · गुरुवार, सकाळी 9:00

कार्डांबद्दल व्यवहारातलं: दुरुस्तीचा नवा डेक (कार्डांचा संच) पाठवून भागत नाही, जुना डेक लोकांच्या फोनवर तसाच राहतो आणि तीन महिन्यांनी नेमकं ते कार्ड वर येतं. कार्डाच्या मागच्या बाजूला कुणी बनवलं, कुठल्या तारखेला आणि कुठल्या पुस्तकावरून, एवढी एक ओळ सक्तीची करा. निनावी कार्ड वापरायचं नाही. आमच्या गटात हे केल्यावर कार्डांची संख्या झपाट्याने घटली, कारण निम्म्यांना पुस्तक सांगताच येईना.

---

रात्रपाळी · गुरुवार, दुपारी 4:15

बोअर होतंय का? एकच भर. शिकवणारे सहाच का? ज्यांना शिकवता त्यांच्यातलाच एक दर आठवड्याला घ्या. दोन वर्षांचा फरकही कधीकधी जास्त होतो. मला तरी माझ्याच बॅचच्या मुलीने प्रीलोड-आफ्टरलोड (हृदयावर पडणारे दोन भार) समजावलं तसं कुणी समजावलं नाही, कारण तिला ते परवाच कळलं होतं.

---

तिसरा_बाक · गुरुवार, दुपारी 4:40

आणि स्लाइडची मर्यादा. दहा. अकरावी आली की वर्ग सोडायचा हक्क.

---

म्यूटवर · गुरुवार, रात्री 12:20

आमच्या ताईला हा धागा पाठवला. तिने उलट विचारलं, मग पुढचा वर्ग तू घे.

हो म्हणून बसलेय. विषय हायपोनॅट्रेमिया, म्हणजे रक्तात सोडियम कमी होणं. मला हायपोनॅट्रेमिया येत नाही. निदान गेल्या रविवारपर्यंत येत नव्हता. नऊ स्लाइड झाल्यात, रेकॉर्डिंग बंद, तिघांच्या खोल्या. शरीरक्रिया मॅडम, तुमचं कॉलेज वेगळं आहे हे माहीत आहे, पण बघाल का एकदा? मेसेजवर पाठवते.

---

शरीरक्रिया · शुक्रवार, सकाळी 7:30

बघितल्या. पाणी जास्त की मीठ कमी हा तुमचा पहिला प्रश्नच बरोबर आहे, बहुतेक जण सोडियम देण्यापासून सुरुवात करतात. लघवीची ऑस्मोलॅलिटी (ती किती दाट आहे ते) चौथ्या स्लाइडवर आहे ती दुसरीवर आणा.

एक धोका: दुरुस्तीचा वेग कुठेच लिहिलेला नाही. जुन्या हायपोनॅट्रेमियात सोडियम 24 तासांत 8 ते 10 मिलिमोलच्या वर चढू द्यायचं नाही, नाहीतर ऑस्मोटिक डिमायलिनेशन, म्हणजे मेंदूतल्या तंतूंचं आवरण नष्ट होणं. ही ओळ नसेल तर वर्ग घेऊ नका.

---

म्यूटवर · शुक्रवार, सकाळी 8:05

टाकली. लाल रंगात, सातव्या स्लाइडवर.

---

रात्रपाळी · शुक्रवार, सकाळी 8:20

छान. आता मी ज्युनिअर होऊन विचारते: सलाइन अगदी हळू लावलंय, तुझ्या वेगानेच. चार तासांनी पेशंटची लघवी अचानक ढिगाने सुरू झाली. सोडियमचं काय होईल?

---

म्यूटवर · शुक्रवार, सकाळी 8:24

ताई, तोच प्रश्न मी पहिल्या पोलमध्ये टाकलाय. कृपया कुणी इथे उत्तर लिहू नका, माझ्या वर्गातले काही जण हा धागा वाचतात.